गडावरचा रिकामा लोहार

रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभारावर लिहिलेल्या आज्ञापत्रात गडांविषयी जे प्रकरण आहे, त्यात तट, बुरूज आणि तोफा यांच्या बरोबरीने एका साध्या माणसाची सोय लावून दिलेली आहे. तो माणूस म्हणजे गडावरचा लोहार. वैद्य, जखमा बांधणारा, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार अशी माणसे गडोगडी एक-एक दोन-दोन ठेवावीत, असे पंत सांगतात. लहान गडावर त्यांना रोज काम पडेलच असे नाही. म्हणून त्यांची हत्यारे त्यांच्याजवळ तयार असू द्यावीत आणि हुन्नराचे काम नसेल तेव्हा रिकामे न बसवता त्यांच्याकडून दुसरी चाकरी घ्यावी. १७१५ च्या सुमाराचा हा मजकूर. तो लिहिणाऱ्याने गडावरची तोंडे मोजलेली होती, हे उघड आहे. लोहार ठेवला नाही तर ऐन वेढ्यात दरवाजाची बिजागरी निखळली की गड गेला. ठेवला तर बाराही महिने त्याला आणि त्याच्या बायकापोरांना दाणा पुरवायचा. आजची मुले संगणकावर ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ नावाचा खेळ खेळतात, त्यातला पेचही हाच आहे. अमेरिकेतल्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी २००६ साली तो लोकांपुढे आणला. सात बुटक्यांची टोळी डोंगर पोखरून किल्ला वसवते, मागाहून माणसे येत राहतात, आणि कोणाला खाणीत घालायचे, कोणाला शेतात, कोणाला पहाऱ्यावर, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. शत्रू दारात येण्याआधीच त्यातले कितीतरी किल्ले आतून ढासळतात. खेळणाऱ्यांना हे नवे वाटत असेल. पंतांना ते तीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

किल्ल्यांचा इतिहास आपण दगडांचा आणि लढायांचा म्हणून लिहितो. तो माणसांना कामे वाटून देण्याचा इतिहास म्हणून लिहिला तर चित्र बदलते, आणि सर्वांत जास्त बदलते ते यवतमाळसारख्या जिल्ह्याचे, जिथे रायगड-राजगडाच्या तोलाचा एकही गड नाही. गडावर काम माणसाकडे सोपवले जात होते आणि काढूनही घेतले जात होते. गढीच्या गावात ते जन्माला बांधलेले होते. यवतमाळच्या मुलखाने हा दुसरा मार्ग धरला तो अज्ञानामुळे धरला, असे मला वाटत नाही. धाडींचा तो काळ वेढ्यासारखाच होता आणि त्या काळाला ही बांधणी लागू पडत होती. दुःख आहे ते पुढचे: वेढा उठला तरी बांधणी सुटली नाही.

आधी गडाची रीत नीट पाहू. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत गडाचा कारभार तीन माणसांत वाटलेला दिसतो: हवालदार, सरनोबत आणि सबनीस. तिघे एका दर्जाचे. किल्ल्या हवालदाराकडे, लिखाण आणि हजेरी सबनिसाकडे, शिबंदी आणि पहारे सरनोबताकडे. शिवाय कोठार आणि सामान यांचा हिशेब कारखानिसाकडे. खाली नऊ पाईक आणि दहावा नाईक अशी जोडणी. गडाचा घेर मोठा असेल तर तटाचे भाग पाडून त्यावर तटसरनोबत. आज्ञापत्र याला आणखी खोल नेते. माणूस ठेवायचा तो जामीन घेऊन ठेवायचा, आणि ठरलेली वर्षे भरली की त्याची बदली करायची. पाण्याची सोय पाहिल्याशिवाय गड बांधायचा नाही; एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहायचे नाही, कारण झुंजीत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून खडक फोडून टाकी खोदायची. दारूचे कोठार घरांपासून दूर ठेवायचे, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू आणि बाण बाहेर काढून उन्हात घालायचे. कोठारात आग, उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांची बाधा होऊ द्यायची नाही. केर गडाखाली टाकायचा नाही. जाळून त्याची राख परसात घालून भाजी पिकवायची. यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक माणूस उभा आहे, त्याच्या हातात एक काम आहे, आणि ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखाली आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना जे पत्र पाठवले, त्यातही हीच नजर दिसते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. रात्री दिवे जळते ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो, यात मला त्या राज्याची खरी ताकद दिसते.

या रचनेवर पहिला आक्षेप सरळ आहे: कामे इतकी चोख वाटली होती, तर गड पडले कसे? औरंगजेबाने अखेरच्या वर्षांत घेतलेले बरेचसे गड तोफांनी कमी आणि पैशाच्या बोलीने जास्त घेतले, हे खरेच आहे. पण आज्ञापत्र त्या वर्षांनंतरचे आहे, हे विसरून चालणार नाही. पंतांनी ती पडझड डोळ्यांदेखत पाहिली होती. जामीन, बदल्या, एकमेकांवरची नजर, हा सगळा आग्रह त्या अनुभवातून आलेला आहे. एकाच माणसाच्या हाती सगळे असले की वेढा घालणाऱ्याला एकाच माणसाची किंमत ठरवावी लागते. चौघांच्या हाती असले की चौघांची, आणि चौघांत एक तरी नाही म्हणतो. दुसरा आक्षेप याहून टोचणारा आहे. हवालदार आणि सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू, ही वाटणीही जातीचीच होती. मग ‘काम जन्माला बांधलेले नव्हते’ असे कशाच्या बळावर म्हणायचे? हा आक्षेप अर्धा मान्य केलाच पाहिजे. वर जातींची मिसळ मुद्दाम केली होती, म्हणजे एकाच भावकीचा कट होऊ नये. पण त्या जागेवरचा माणूस बदलता येत होता आणि जागा त्याच्या मुलाची होत नव्हती. गडाच्या घेऱ्यात मात्र तसे नव्हते. तिथल्या मेटांवरचे महार, रामोशी, बेरड, कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्याच चौकीवर जमिनीच्या तुकड्याला बांधलेले होते. बदलीचे वारे तटाच्या आत वाहत होते, पायथ्याला पोचत नव्हते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे सह्याद्रीतले, यवतमाळच्या काळ्या रानाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आज्ञापत्राहूनही जुना आहे. पैनगंगेच्या पलीकडे, आज नांदेड जिल्ह्यात, माहूरचा किल्ला उभा आहे. यवतमाळच्या दक्षिण भागाचा कारभार शतकानुशतके त्या किल्ल्याच्या नावाने चालला. बहामनी वजीर महमूद गवान याने पंधराव्या शतकात राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडाचे दोन तुकडे झाले: गाविल आणि माहूर. इतिहासकार फेरिश्ता सांगतो की त्याच वेळी गवानने एक नियम घातला. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील. बाकीच्या किल्ल्यांवरचे किल्लेदार सुलतान नेमील आणि त्यांच्या शिबंदीचा पगार वरून जाईल. सरदाराने जेवढी माणसे हजेरीत कमी दाखवली, तेवढी रक्कम त्याच्याकडून परत घ्यायची. शिवकाळाच्या दोनशे वर्षे आधी, याच मुलखाच्या किल्ल्यांसाठी कोणी तरी हिशेब मांडला होता की माणूस आणि किल्ला एकमेकांत फार रुतू देऊ नयेत. सरदारांना तो पचला नाही. १४८१ साली गवानचा शिरच्छेद झाला, १४९० साली गाविलचा फतहउल्ला इमादउल्मुल्क वऱ्हाडात स्वतंत्र झाला आणि माहूर खुदावंदखान हबशाच्या घराण्याकडे राहिले. किल्ला पुन्हा घराण्याचा झाला.

पुढचा इतिहास म्हणजे हीच गोष्ट लहान-लहान मापांत पुन्हा घडत गेली. अबुल फजलच्या आईने-अकबरीत कळंब आणि माहूर या वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारा आहेत. आज चिंतामणीच्या देवळासाठी ओळखला जाणारा कळंब तेव्हा एका सरकारचे, म्हणजे सुभ्याच्या एका विभागाचे, ठाणे होता. पूर्वेला वणीकडे चांद्याच्या गोंड राजांचा अंमल पोचत होता. नंतर १७२४ साली साखरखेर्ड्याची लढाई झाली, निजाम दख्खनेत पक्का झाला, आणि वऱ्हाडावर नागपूरकर भोसल्यांचाही हात पडला. दोअमली म्हणतात ती ही: एका गावाने दोन धन्यांना वसूल द्यायचा. धनी दोन, पण राखणारा एकही नाही. जी मराठी फौज घाटावर राज्य राखत होती, तीच १६७० साली कारंजात लुटीला आली होती, हेही वऱ्हाडी माणसाने विसरू नये. नंतर पेंढारी आले. अशा मुलखात गाव स्वतःच स्वतःचा किल्ला होतो. यवतमाळच्या गावोगावी गढ्या दिसतात त्या याच गरजेच्या. पांढऱ्या मातीचा उंच ओटा, त्यावर हातभर नव्हे तर काही हात जाडीच्या मातीच्या भिंती, कोपऱ्यांना बुरूज, भिंतीत जंग्या, एकच दरवाजा आणि त्यात वाकून जावे लागेल एवढी दिंडी. आत विहीर, आत ज्वारीची पेवे. गढी देशमुखाची किंवा पाटलाची. पण धाड आली की वेशीच्या आतले गाव गुरांसकट तिच्या आसऱ्याला जायचे.

या गढीला माणसांची वाटणी कशी लागत होती, हे पाहायचे तर तटावर न जाता खळ्यावर जावे. तिवड्याभोवती बैलांची पात फिरून मळणी झाली, वाऱ्याच्या दिशेने उपणणी झाली, आणि ज्वारीची रास पडली की घरी एक पायली नेण्याआधी बलुतेदार येऊन उभे राहायचे. सुतार, लोहार, चांभार, महार पहिल्या ओळीचे. कुंभार, न्हावी, परीट, मांग त्यांच्या मागे. मग गुरव, जोशी, मुलाणा, कोळी. कोणाची ओळ कुठली, हे गावागणिक थोडे बदले; ओळ मात्र असेच. सुताराने तिफण वर्षभरात किती वेळा दुरुस्त केली, हे कोणी मोजत नसे. पाऊस पडल्यावर तिफण मोडली तर तो गावात हजर आहे, एवढ्याचा तो हिस्सा. म्हणजे मोबदला कामाचा नसून हजर राहण्याचा होता. पंतांना गडावर जो प्रश्न पडला, रोज काम नसलेल्या लोहाराला पोसायचे कसे, तोच गावालाही पडला होता. पंतांनी उत्तर दिले: मोकळ्या वेळात दुसऱ्या चाकरीला लाव. गावाने उत्तर दिले: त्याला पिकात कायमचा वाटा दे, म्हणजे तो जाणार नाही, आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा येईल. ज्या गावाला पुढच्या हंगामात आपण असू की नाही याची खात्री नाही, त्या गावाला माणूस टिकवणे हे माणूस हुशार असण्यापेक्षा मोलाचे वाटते. म्हणून मी याला वेढ्याची वाटणी म्हणतो.

यावर जाणकार म्हणतील की बलुते पेंढाऱ्यांहून कितीतरी जुने आहे आणि जिथे गढ्या नव्हत्या तिथेही होते. बरोबर. गढीने बलुते निर्माण केले, असा माझा दावा नाही. प्रश्न आहे तो त्यातून बाहेर पडायच्या वाटेचा. अठराव्या शतकात पुण्यात एकामागून एक पेठा वसत होत्या; घाटावरचा हुन्नरी कासार किंवा सुतार गाव सोडून पेठेत जाऊ शकत होता, आणि तो जाऊ शकतो हे गावालाही ठाऊक होते. पैनगंगा आणि वर्धा या नद्यांमधल्या मुलखात तशी पेठ जवळ नव्हती, आणि रस्त्यावर एकटा-दुकटा कारागीर सुरक्षित नव्हता. त्यामुळे जुनीच वाटणी इथे अधिक घट्ट बसली. याची उलट खूण याच जिल्ह्यात आहे: बंजाऱ्यांचा तांडा. तो चालता किल्ला होता. हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून फौजांना रसद पुरवत फिरणारे हे लोक मुक्कामाला लदेण्या उतरवून गोण्यांची भिंत रचायचे आणि माणसे-गुरे तिच्या आत ठेवायचे. नायक वाट आणि मुक्काम ठरवायचा, कारभारी त्याच्या हाताखाली, आणि बाकीच्यांना बैल हाकण्यापासून पहाऱ्यापर्यंत जे पडेल ते करावे लागे. नायकी घराण्यात राहिली तरी रोजचे काम वाटेप्रमाणे बदलत होते, कारण चालत्या वस्तीत एकाच कामाचा माणूस परवडत नाही. पुसद-दिग्रसच्या भागात हे तांडे पुढे स्थिरावले. गहुलीच्या तांड्यातून आलेले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. केळापूर-झरीकडच्या कोलामांची पोडे, म्हणजे वस्त्या, हीही या गावगाड्याच्या बाहेरच होती. त्यांच्याकडून बांबूच्या टोपल्या आणि ताटवे येत, पण खळ्यावरच्या त्या ओळीत त्यांना जागा नव्हती. म्हणजे गढीची वाटणी ही या मातीतली एकमेव वाटणी नव्हती. पर्याय शेजारीच नांदत होते.

बलुत्याची बाजू घेणारे सांगतात की त्यात कोणी उपाशी राहत नव्हते आणि गाव एका कुटुंबासारखे होते. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा ते बारीक नजरेने पाहत होते, आणि त्यांना हे कुटुंब फार महागात पडताना दिसले: काम चांगले करो वा वाईट, वाटा ठरलेला, त्यामुळे हुन्नर वाढायला कारण उरत नाही. हा शेतकऱ्याच्या बाजूने काढलेला दोष आहे आणि तो खरा आहे. पण ओळीत उभ्या असलेल्याच्या बाजूने पाहिले तर याहून भारी दोष दिसतो. सुताराच्या कामाला निदान हद्द होती. तिफण झाली की काम झाले. वेसकर महाराच्या कामाला हद्दच नव्हती. वेशीचे दार त्याने लावायचे-उघडायचे, पाहुण्या अंमलदाराचा घोडा त्याने धरायचा, वसुलीचा ऐवज त्याने पोचवायचा, शिवेचा तंटा झाला तर साक्ष त्याची, मेलेले ढोर ओढायचे त्याने. आणि तो आजारी पडला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याने. गढीचे खरे पहारेकरी तेच होते, आणि त्यांचे घर मात्र वेशीच्या बाहेर. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले, ते या बेहिशेबी कामावर बोट ठेवूनच. तो कायदा मुंबई इलाख्याचा होता. पण त्यांनी दाखवलेले दुखणे वऱ्हाडातल्या वेशीवरही तेच होते. काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, मोबदला मात्र ठरलेला आणि तोही दुसऱ्याच्या मर्जीवर. पंतांच्या गडावर लोहाराकडून दुसरी चाकरी घ्यायची होती ती हजेरीपटावर नाव असलेल्या माणसाकडून. वेशीवरच्या माणसाचे नाव कुठल्या पटावर होते?

आणि मग वेढा उठला. १८०३ साली अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले. १८१८ च्या एप्रिलात चांद्याच्या दिशेने निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाची फौज पांढरकवड्याच्या मुलखात इंग्रजांपुढे उधळली. त्याच सुमारास पेंढाऱ्यांचाही निकाल लागला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्याला पुसद जोडून यवतमाळ जिल्हा झाला. कापसाने पैसा आणला, जिनिंगचे कारखाने आले, मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ पडले. आता कोणाही कारागिराला गावात कोंडून ठेवण्याचे कारण उरले नव्हते. तरी ओळ उभी राहिली. विणकर, रंगारी, तेली यांच्या धंद्यांवर गिरणीच्या मालाने पाणी पडले आणि ते पोट भरायला मजुरीकडे वळले. लोहार-सुतारांना तिफण आणि वखर असेतोवर काम होते, म्हणून ते पुढची पन्नास-साठ वर्षे खळ्यावर येत राहिले. वेशीबाहेरच्यांची सुटका मात्र बाजाराने केली नाही. ढोर ओढणार नाही, असे त्यांना स्वतः म्हणावे लागले, आणि गावोगाव त्याची किंमत मोजावी लागली.

गढ्यांचे काय झाले, हे पावसाळ्याआधीच्या दिवसांत दिसते. वर्षानुवर्षे माणसे आणि गुरे राहिलेल्या जागेची माती खताला चांगली, म्हणून लोकांनी बुरूज पायथ्यापासून खणायला घेतले. कोणी भिंती सारवायला नेली, कोणी धाब्यावर घालायला, आणि बरीचशी शेतात गेली. बैलगाड्या भरभरून ती पांढरी माती काळीत पसरली जाते, आणि पहिला पाऊस पडला की ती कुठे पडली होती हे ओळखू येत नाही.